पौष्टिक म्हणजे महाग? पाबळच्या बाजारात हिशेब करून बघा

पाबळ, शिरूर, राजगुरुनगरकडची मुलं शिकायला पुण्यात खोली घेऊन राहू लागली, की महिन्याभरात त्यांच्याकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, “सर, नीट खायला पैसे लागतात. नोकरी लागली की बघू.” सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव, रात्री मेसचा भात. आणि डोक्यात पक्कं बसलेलं की पौष्टिक म्हणजे बदाम, सफरचंद आणि प्रोटीन पावडरचा डबा. हे ऐकून मला राग येतो, कारण ज्या बाजरीच्या शिवारात ही मुलं वाढली, तिथेच या समजुतीचं उत्तर आहे.

आधी बदाम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात, बदामात सुमारे 18. म्हणजे प्रथिनांत शेंगदाणा बदामापेक्षा सरस आहे. दुकानात दोघांचे भाव विचारा आणि दहा ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात ते काढा.

मग सफरचंद. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, सफरचंदात जेमतेम चार-पाच. तरीही आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदच नेतो.

आता पावडर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे 65 किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम प्रथिनं पुरतात. कोरड्या वजनावर हिशेब मांडू. बाजरी-गव्हाचं मिळून 200 ग्रॅम पीठ: 21 ग्रॅम. 50 ग्रॅम मटकी: 10. 30 ग्रॅम तूरडाळ: 6. मूठभर शेंगदाणे: 7. एक अंडं: 6. कपभर दूध: 6. बेरीज 56. अंडं चालत नसेल तर 15 ग्रॅम सोयावड्या घ्या. डब्याची गरज कुठे आहे? याच परिषदेच्या आणि पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेनेही प्रथिनांच्या पावडरी टाळायला सांगितलं आहे.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. खोलीवर गॅस नसतो, वेळ नसतो, मेसचा डबा आपल्या हातात नसतो. पण मोड आलेली वाफवलेली मटकी, फुटाणे, शेंगदाणे, केळी, पेरू, दही यांना स्वयंपाकघर लागत नाही. मटकी वाफवायला विजेची छोटी किटलीही पुरते. रोजच्या दुसऱ्या वडापावाचे आणि थंड पेयाचे पैसे इकडे वळवले, तर महिन्याचा खर्च वाढायचं कारण नाही.

अन्नाकडे असं मोजून बघण्याची शिकवण पाबळला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून त्यांनी 1983 मध्ये इथल्या माळावर विज्ञान आश्रम उभारला. तिथे शेती, यंत्रकाम, ऊर्जा यांच्या बरोबरीने ‘गृह आणि आरोग्य’ हा विषय हाताने काम करत शिकवला जातो. मुलं हिमोग्लोबिन तपासायलाही शिकतात. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. तेव्हा हा विषय फक्त व्यायामशाळेतल्या मुलांचा नाही, खोलीवर राहणाऱ्या मुलींचा त्याहून जास्त आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

“बाजरी गरिबाचं खाणं.” 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 6 मिलिग्रॅम लोह असतं, पॉलिश केलेल्या तांदळात 1 मिलिग्रॅमही नाही.

“बाजरीची बिस्किटं म्हणजे बाजरीच.” पाकिटामागची यादी वाचा. मैदा आणि साखर आधी असेल, तर ते बिस्किटच आहे.

“गूळ कितीही चालतो.” गूळ ही मुख्यतः साखरच.

“अंड्याचा बलक फेकावा.” ड आणि बी-12 जीवनसत्त्वं मुख्यतः बलकातच असतात. अंडी-मांस न खाणाऱ्यांनी बी-12 साठी दूध-दही सोडू नये.

“जेवणावर चहा हवाच.” चहामुळे जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. तासभर थांबा. जेवणात लिंबू पिळा किंवा सोबत पेरू खा, लोह जास्त शोषलं जाईल.

पुढच्या वेळी गावी आलात, की परतीच्या पिशवीत बाजरीचं पीठ, मटकी आणि शेंगदाणे घालून न्या. नोकरी लागेपर्यंत शरीर थांबत नाही. नीट खायला आजपासूनच लागा.