पोटॅशियम २.६

चेन्नईत मे महिन्याच्या सुरुवातीला ‘अग्नी नक्षत्रम’ लागतं. बोलताना लोक त्याला कत्तिरी म्हणतात. या दिवसांत अंगातून घामाच्या धारा लागतात आणि ‘पोटऱ्यांत गोळे येतात, अंगात त्राण नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी दवाखाने भरतात. डॉक्टर बहुतेकांना नीर मोर, म्हणजे आपलं पातळ मिठाचं ताक, शहाळं आणि ओआरएस घ्यायला सांगून घरी पाठवतात, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं.

त्या रांगेत अंबत्तूरच्या एखाद्या कारखान्यात काम करणारी चोवीस वर्षांची मुलगी आहे असं समजा. तिचे गोळे डिसेंबरातही येतात. बोटांना मुंग्या येतात, रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं. मरीनावर कैरी घेतली तर तिखट-मीठ पुन्हा मागून घेते, घरी लोणच्याचा खार भातावर ओतते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम २.६ येतं. असायला हवं ३.५ ते ५.

शहाणा डॉक्टर आधी या आकड्यावरच संशय घेतो. रक्त काढल्यावर तांबड्या पेशी बाटलीत जिवंतच असतात. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, बाहेरच्या द्रवात अगदी थोडं. तापमान चढलं की पेशींच्या आवरणावरचे पंप जोरात चालतात आणि बाहेरचं पोटॅशियम आत ओढून घेतात. घरोघरी नमुने गोळा करणाऱ्या पोऱ्याच्या बॅगेत भर उन्हात बाटली दोन-चार तास राहिली तर निरोगी माणसाचंही पोटॅशियम खोटंच कमी दिसू शकतं. उलट रक्त काढताना पेशी फुटल्या, किंवा मूठ फार वेळ आवळून धरली, तर ते खोटंच वाढतं. म्हणून दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं आणि लगेच तपासायचं. समजा, पुन्हा २.६ आलं.

आता पोटॅशियम जातं कुठे ते शोधायचं. उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, लघवी जास्त व्हायच्या गोळ्या ती घेत नाही, थायरॉईड ठीक आहे. मग लघवी तपासायची. रक्तात पोटॅशियमची एवढी टंचाई असताना किडनीने ते अडवून धरायला हवं, पण लघवीत ते भरपूर सापडतं. म्हणजे गळती किडनीतच आहे.

किडनीच्या कामाची पद्धत पहिल्यांदा वाचली की विचित्र वाटते. नको ते निवडून बाहेर टाकायचं, असं ती करत नाही. दिवाळीच्या साफसफाईला सगळं सामान अंगणात काढून हवं तेवढंच परत आत घ्यावं, तशी तिची रीत. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो. त्यात विरघळलेल्या सोडियमचं मीठ केलं तर ते जवळपास दीड किलो भरेल. त्यातलं नव्याण्णव टक्क्यांहून अधिक बारीक नलिकांमधून परत रक्तात घेतलं जातं. नलिकेच्या पहिल्या भागात सुमारे दोन तृतीयांश सोडियम परत येतं, पुढच्या केसाच्या पिनेसारख्या वळणात पाव हिस्सा, त्यानंतरच्या छोट्या तुकड्यात पाच-सात टक्के, आणि अगदी शेवटी उरलेलं दोन-तीन टक्के. प्रत्येक भागात हे काम करणारी प्रथिनं वेगळी आहेत आणि प्रत्येक प्रथिनाची कृती एकेका जनुकात लिहिलेली आहे. आई-वडिलांकडून एकेक अशा त्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे येतात. जनुकात कुठे अक्षर बदललं की रक्तातला कुठला आकडा हलेल, हे ते प्रथिन नलिकेत कुठे बसलं आहे यावर ठरतं.

आपल्या मुलीचा बाकीचा रिपोर्ट असा आहे: रक्तदाब १०० वर ६०, बायकार्बोनेट जास्त, मॅग्नेशियम कमी आणि लघवीतलं कॅल्शियमही कमी. बायकार्बोनेट कमी असतं तर डॉक्टर ‘रीनल ट्यूब्युलर ॲसिडोसिस’ नावाच्या दुसऱ्या आजाराकडे वळले असते. त्यातही पोटॅशियम घसरतं, पण रक्त आम्लाकडे झुकतं. इथे सगळ्या खुणा नलिकेच्या त्या पाच-सात टक्केवाल्या तुकड्याकडे बोट दाखवतात. तिथे सोडियम आणि क्लोराइड जोडीने आत आणणारं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकाचं नाव एसएलसी१२ए३. रक्तदाबासाठी लाखो लोक रोज सकाळी हायड्रोक्लोरोथायझाइडची गोळी घेतात, ती याच प्रथिनाला गप्प बसवते. या मुलीत ते जन्मापासूनच धड चालत नाही. गोळी न घेता गोळीचे सगळे परिणाम, तेही आयुष्यभर.

पण बिघाड सोडियमच्या वाहतुकीत असताना पोटॅशियम का घसरतं? या तुकड्यातून सुटलेलं सोडियम पुढे शेवटच्या भागात जाऊन पोचतं. शरीरातलं मीठ-पाणी घटल्याचं कळून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं. त्याच्या हुकमाने तिथल्या पेशी मिळेल तेवढं सोडियम ओढून घेतात, आणि विजेच्या भाराचा हिशोब जुळवायला त्या बदल्यात पोटॅशियम नलिकेत सोडून देतात. मीठ वाचवताना पोटॅशियम खर्ची पडतं. मॅग्नेशियम परत घेणाऱ्या टीआरपीएम६ नावाच्या वाटा याच तुकड्यात असतात. तुकडा आजारी पडला की त्याही आटतात. मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय पोटॅशियम कितीही पाजलं तरी टिकत नाही, हे वॉर्डातल्या अनुभवी परिचारिकाही सांगतील.

या आजाराला गिटेलमन सिंड्रोम म्हणतात. हिलेल गिटेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये कुटुंबात आढळणारा नवा विकार म्हणून त्याची नोंद केली. जबाबदार जनुक सापडायला तीस वर्षं लागली. १९९६ मध्ये येल विद्यापीठातल्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने ते दाखवून दिलं. एक तुकडा मागे, म्हणजे पिनेच्या वळणात, असाच बिघाड झाला तर तो बार्टर सिंड्रोम. तो बहुधा लहानपणीच दिसतो आणि फ्युरोसेमाइडच्या, म्हणजे आपल्या लॅसिक्सच्या, परिणामासारखा असतो. शेवटच्या भागातली सोडियमची वाट कायमची उघडी राहिली तर लिडल सिंड्रोम होतो. त्यात पोटॅशियम कमी, पण रक्तदाब तरुणपणीच चढलेला. म्हणून या रिपोर्टमध्ये रक्तदाबाचा फुकटात मिळणारा आकडा कुठल्याही महागड्या चाचणीइतका बोलका आहे.

इथवर आल्यावर चेन्नईतला डॉक्टर हमखास विचारतो, आई-वडिलांचं लग्न नात्यातलं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) तमिळनाडूत नात्यातल्या लग्नांचं प्रमाण सुमारे २८ टक्के निघालं. मोठ्या राज्यांत ते सर्वांत जास्त. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात दक्षिणेची ही रीत तपशिलाने मांडली आहे, आणि महाराष्ट्र उत्तर-दक्षिणेच्या मध्ये कसा उभा आहे तेही. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक जातींत चालतं. खुद्द मामाशीच भाचीचं लग्न म्हटलं की मात्र मराठी माणूस दचकतो. तमिळ घरांत मात्र ते जुन्या चालीतलं.

याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. गिटेलमन होण्यासाठी दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. बिघडलेली एकच प्रत असलेला ‘वाहक’ धडधाकट असतो. शंभरात एक जण वाहक धरू. नात्यात नसलेल्या जोडप्यात दोघंही वाहक असण्याची शक्यता दहा हजारांत एक, आणि त्यांच्या मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक. म्हणजे चाळीस हजारांत एक मूल. आता नवरा बायकोचा सख्खा मामा आहे. तो वाहक असेल तर तीच प्रत त्याच्या बहिणीमार्फत भाचीकडे आलेली असण्याची शक्यता चारांत एक. म्हणजे एकशतांश गुणिले पाव गुणिले पाव, सुमारे सोळाशेत एक. मामाच्या मुलीशी लग्न असेल तर साधारण तीन हजारांत एक. जोखीम पंचवीस पटीने वाढली हे खरं, आणि सोळाशेतली बाकीची मुलं या आजारापासून सुटली हेही खरं. पहिलाच आकडा छापून लोकांना घाबरवणं सोपं असतं. मला ते पटत नाही.

नात्यात लग्न केलं नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. जातीतल्या जातीत शेकडो वर्षं लग्नं झाली की एखाद्या पूर्वजाची बिघडलेली प्रत अख्ख्या समाजात पसरते. जनुकशास्त्रज्ञ के. थंगराज, डेव्हिड राइक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातले अडीचशेहून अधिक समाज तपासले. त्यांतल्या ८१ समाजांत हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र निघाला.

वाहक अगदीच अलिप्त राहतो असंही नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासातल्या लोकांची किडनीतल्या मिठाच्या वाहतुकीशी संबंधित अशी तीन जनुकं तपासल्यावर २००८ मध्ये दिसलं की एकेक बिघडलेली प्रत बाळगणाऱ्यांचा रक्तदाब इतरांपेक्षा कमी असतो. दोन प्रतींनी आजार, एका प्रतीने थोडा फायदा.

कॅल्शियमची गोष्ट वेगळी आहे. तिथे गळतीपेक्षा मोजमापाचा प्रश्न असतो. गळ्यात थायरॉईडच्या मागे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांच्या पेशींवरचं एक प्रथिन रक्तातलं कॅल्शियम सतत चाचपत असतं. त्याचं जनुक सीएएसआर, १९९३ मध्ये हाती लागलेलं. त्याची एक प्रत बिघडली की ग्रंथीला कॅल्शियम खऱ्यापेक्षा कमी भासतं आणि ती ते जरा वरच्या पातळीवर राखते. माणूस ठणठणीत असतो, पण रिपोर्टमध्ये १०.५ च्या आत असायला हवं ते ११ दिसतं. मग कुणीतरी ग्रंथीत गाठ आहे समजून गळ्यावर शस्त्रक्रिया करतो आणि शस्त्रक्रियेनंतरही कॅल्शियम तिथेच राहतं. हे टाळायला लघवीतलं कॅल्शियम मोजायचं (या लोकांत ते कमी असतं) आणि आई, भाऊ, बहीण यांचं रक्त तपासायचं. पण अशाच घरात मामा आणि भाची दोघांकडे ती प्रत असली आणि बाळाला दोन्ही मिळाल्या, तर नवजात बाळाचं कॅल्शियम जीवघेणं चढतं. थोरल्यांच्या रिपोर्टमधला निरुपद्रवी आकडा बाळासाठी निरुपद्रवी राहत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांत यातलं काहीच नसतं. असतात ते बारीक फरक. २०१० मध्ये युरोपीय आणि लंडनस्थित भारतीय वंशाच्या मिळून बारा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात सीएएसआरमधल्याच एका सर्रास आढळणाऱ्या अक्षरबदलाने कॅल्शियम किंचित वर सरकलेलं दिसलं. माणसामाणसांतल्या कॅल्शियमच्या फरकापैकी जेमतेम एक टक्का तेवढ्याने उलगडतो. त्याच वर्षी मॅग्नेशियमसाठी सहा जागा सापडल्या, त्यांत टीआरपीएम६ ही होती. सगळ्या मिळूनही दीड टक्क्याच्या आसपासच. ‘तुमच्या जनुकांनुसार आहार’ विकणाऱ्यांनी हे आकडे जाहिरातीत छापावेत.

अंबत्तूरच्या मुलीला आता पोटॅशियम क्लोराइड, मॅग्नेशियम आणि मीठ कायमचं घ्यावं लागेल. लागलंच तर अमिलोराइड किंवा स्पायरोनोलॅक्टोन. लोणच्याच्या खारावरून आई रागवत असेल तर ते रागावणं मात्र थांबवायचं. जनुकाची चाचणी करता येते, पण उत्तर कधीकधी ‘अर्थ अनिश्चित’ असं येतं, कारण तुलनेचे साठे मुख्यतः युरोपीय लोकांचे आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ समाजांतल्या सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांना खुली झाली. दरम्यान तिच्या धाकट्या भावाचं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घेता येईल. खर्च फार नाही, फक्त नमुना उन्हात ठेवायचा नाही.