संसाराचें पहिलें वर्ष

लग्न हा चार दिवसांचा सोहळा. तो साऱ्या गांवाच्या डोळ्यांदेखत पार पडतो. त्यानंतर जें वर्ष येतें त्याकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष नसतें. अक्षता पडतात तेव्हां दोन जिवांची गांठ बांधली जाते हें खरें; परंतु ती गांठ पक्की बसते ती पुढील वर्षभरांतील लहानसहान प्रसंगांनीं. हे प्रसंग पूर्वीच्या घरांतून कसे घडून येत आणि आज ते कसे घडवून आणावयाचे, याचा विचार रायगड जिल्ह्यांतील पेण आणि रोहा या दोन गांवांच्या आधारानें करतां येण्यासारखा आहे. एक भोगावतीच्या कांठीं वसलेलें, दुसरें कुंडलिकेच्या. आणि दोन्हीं ठिकाणीं जुना संसार व नवा संसार शेजारीं शेजारीं नांदतांना दिसतात.

प्रथम जुन्या कोंकणी घराची रचनाच पाहावी. पुढें ओटी, तिच्यामागें माजघर, त्यापलीकडे स्वयंपाकघर व पडवी, आणि शेवटीं विहिरीचें परसूं. ओटी पुरुषांची, माजघर बायकांचें. तो जेवावयास बसे तेव्हां ती दाराआड उभी असे. वडील माणसांसमोर नवराबायकोनें एकमेकांशीं बोलणें हा अविनय समजला जाई. पत्नीनें पतीचें नांव उच्चारावयाचें नाहीं. 'इकडून', 'इकडची स्वारी' अशा शब्दांवर भागवावयाचें. पतीला तांब्याभर पाणी हवें असलें तरी तें आईकडे नाहीं तर बहिणीकडे मागावयाचें. एका छपराखालीं राहूनहि दिवसाकांठीं चार शब्द बोलावयास मिळणें कठीण, अशी ती स्थिति होती.

तरी पण ज्या रूढीनें ही भिंत घातली, तिनेंच तिच्यांत कांहीं झरोके ठेवले होते. उखाणा हा त्यांतला पहिला. एरव्हीं जें नांव ओठांवर आणावयाचें नाहीं तेंच चारचौघांत, यमकांत गुंफून, ऐटीनें घ्यावयाचें. आणि ओटीवर बसलेल्यानें तें ऐकून न ऐकलेंसें करावयाचें. पुढें सणांची मालिका सुरू होई. आषाढांत नवी सून माहेरीं जाई आणि दोघांनाहि प्रथमच एकमेकांची उणीव भासे. श्रावणांत मंगळागौर, ती लग्नानंतर पांच वर्षें पुजावयाची. भाद्रपदांत गौरीपुढें नव्या सुनेचा ओवसा. दिवाळसणाला जांवई सासुरवाडीस जावयाचा. संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. या प्रत्येक सणांत धर्मकृत्याचा भाग आहेच. पण व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर प्रत्येक वेळीं कोणीतरी कोणाला पोंचवावयास किंवा आणावयास निघे, आणि त्या वाटेवर त्या दोघांना बोलावयास सवड सांपडे.

ज्या घरांतील तरुणाला विद्येची आवड असे, तेथें आणखी एक मार्ग निघे, तो अक्षरओळखीचा. १८७३ सालीं रमाबाईंचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशीं झाला तेव्हां त्यांचें वय अवघें अकरा होतें. रानड्यांनीं त्यांना शिकविण्यास लागलीच आरंभ केला, आणि घरांतील वडील बायकांचे टोमणे सोसून त्यांनीं तो अभ्यास चालविला. ही हकीकत १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत आहे. पेणच्या शेजारीं अलिबागेस गोपाळराव जोशी टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त बदलून आले होते. त्यांची पत्नी आनंदीबाई हिचें लग्न १८७४ सालीं नवव्या वर्षीं झालें होतें. गोपाळरावांनीं तिच्या शिक्षणाचा ध्यास घेतला आणि १८८६ सालीं ती अमेरिकेंत वैद्यकाची पदवीधर झाली. ज्या काळीं नवराबायकोनें जोडीनें रस्त्यानें चालणें हाच चेष्टेचा विषय होता, त्या काळांतील ही गोष्ट आहे.

परंतु या हकीकती ऐकून जुन्या काळाचे गोडवे गाणें बरोबर होणार नाहीं. ज्यांना आपण नववधू म्हणतों त्या वस्तुतः मुली होत्या. आनंदीबाई चौदाव्या वर्षीं माता झाल्या आणि तें मूल दहा दिवसांतच दगावलें. पतीच्या शिकवण्यांत माया असे तशी धाकदपटशाहि असे. उलट उत्तर करण्याची सोय त्या वयांत नव्हती. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें, आणि १९७८ सालीं तें अठरा झालें. आज पेण-रोह्याच्या घरांत येणारी सून ही जाणती स्त्री असते. सहजीवन हा शब्द ज्या अर्थानें आज वापरला जातो, तो अर्थ या वयाच्या फरकामुळेंच शक्य झाला आहे.

पूर्वीच्या जोडप्यांच्या नशिबीं साहस आलें तें बहुधा प्रवासाच्या निमित्तानें. पेणहून मुंबईस जाणारा माणूस धरमतर गांठी आणि तेथून बोटीनें जाई. नागोठणें आणि रोहा यांच्याकडील वरच्या खाड्यांत तर गलबतें भरतीच्या पाण्यावरच येत-जात. भरती चुकली कीं धक्क्यावर वाट पाहत बसणें आलें. नव्या जोडप्याच्या दृष्टीनें हा खोळंबा म्हणजे पर्वणीच! आजूबाजूस ओळखीचें कोणी नाहीं, गांठोडें मध्यें ठेवलेलें, दशम्यांची पुरचुंडी सोडलेली, आणि पाणी चढेपर्यंत बोलण्यास मनाई करणारें कोणी नाहीं. अर्थात् या वाटेला धोकाहि होता. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पावसाळ्यांत माहेरीं गेलेल्या बायकोला आणावयास निघणें ही त्या काळीं नुसती हौस नव्हती.

येथवर जें वर्णन झालें तें पांढरपेशा घरांचें. कष्टकरी घरांत ओटी आणि माजघर असा भेद फारसा चालूंच शकत नव्हता. पेणजवळच्या हमरापूर, जोहें या गांवांत गणेशमूर्तींचे कारखाने घरोघरीं आहेत आणि तेथील काम वर्षभर चालतें. साच्यांतून मूर्ति काढणें, सांधे बुजविणें, पॉलिश कागदानें घासणें, रंगाचा हात देणें, या कामांत सारें घर गुंतलेलें असतें. शेवटीं डोळ्यांची आखणी सर्वांत कसबी हाताकडे जाते, आणि तो हात कित्येक घरांत सुनेचा असतो. भाताच्या लावणीला, मिठागरावर, पोह्याच्या पापडांच्या धंद्यांत हीच तऱ्हा. एकानें मूर्ति धरावी आणि दुसऱ्यानें रंगवावी, अशा वेळीं न बोलून चालतच नाहीं. चुकल्यास रागावणें होतें, सुधारल्यास हंसणें होतें. आणि एकमेकांच्या स्वभावाची पारख, जी पांढरपेशा घरांत सणावारांची वाट पाहत बसे, ती येथें पहिल्या पंधरवड्यांतच होऊन जाते.

कामांतून घडणारा हा सहवास वयावरहि अवलंबून नसतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें बालपण बरेंचसें रोह्यास गेलें. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १९५३ सालीं दुर्गाबाईंशीं त्यांचा विवाह झाला तेव्हां ते भारताचे अर्थमंत्री होते आणि दुर्गाबाई नियोजन मंडळाच्या सभासद. त्यांच्याहि संसाराचें पहिलें वर्ष अंगावर घेतलेल्या सार्वजनिक कामांतच सुरू झालें.

आतां आजची स्थिति पाहावी. १९८६ सालीं आगगाडी पेणवरून रोह्यापर्यंत आली आणि १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला. नवराबायको दोघेंहि सकाळच्या गाडीनें नोकरीवर जातात आणि दिवेलागणीला परततात. बोलण्यास कोणाची बंदी राहिलेली नाहीं. तरी थकून आलेलीं दोन माणसें आपापल्या हातांतील फोनकडे पाहत जेवतात, हें दृश्य दुर्मिळ नाहीं. पूर्वी एकांत नव्हता, आज एकांत आहे. पण एकत्र करावयाचें काम मात्र उरलेलें नाहीं.

म्हणूनच कीं काय, सुट्टीच्या दिवशीं रोहा तालुक्यांतील कोलाडला नव्या जोडप्यांची गर्दी होते. मुळशी धरणाचें पाणी सह्याद्रीवरून खालीं भिरा येथील वीजकेंद्रांत येतें. हें केंद्र १९२७ पासून चालू आहे. वीज निर्माण करून सुटलेलें पाणी कुंडलिकेंत उतरतें, त्यामुळें भर उन्हाळ्यांतहि सकाळीं नदीला जोराचा प्रवाह असतो. या प्रवाहांतून रबरी नावेनें बारा-चौदा किलोमीटर जावयाचें. डोक्याला शिरस्त्राण, अंगांत तरंगतें जाकीट, प्रत्येकाच्या हातीं वल्हें, आणि मागें बसलेला वाटाड्या हुकूम देत असतो. एका बाजूचीं वल्हीं थांबलीं कीं नाव आडवी होते; सर्वांनीं एका तालांत वल्हें मारलें तरच ती खडकांमधून सरळ निघते. हमरापूरच्या कारखान्यांत मूर्ति धरणारा आणि रंगविणारी रोज जें शिकतात, तेंच येथें दोन तासांत शिकावयास मिळतें.

परंतु नदीवर जाणें वर्षांतून एकदां. उरलेल्या दिवसांसाठीं घरांतीलच एखादें काम निवडावें लागतें. बाजारहाट, रविवारचा स्वयंपाक, महिन्याचा हिशेब, गौरीगणपतीची आरास, यांपैकीं एक काम नव्या जोडप्यानें सर्वस्वीं आपल्याकडे घ्यावें आणि दोघांनीं मिळून करावें. वडील माणसांनींहि तेवढ्या कामांत लक्ष घालूं नये. भाजी थोडी करपेल, हिशेब चार रुपयांनीं चुकेल, आरास तिरकी बसेल. तें सुधारावयास सासूसासऱ्यांचा हात सहज पुढें होईल, तो तेवढा आवरावा. धरमतरच्या धक्क्यावर जो वेळ भरती चुकल्यामुळें मिळत असे, तो आतां घरच्या माणसांनींच द्यावयाचा आहे.