अर्धपोकळ गिटार आणि तिचा पिकअप

विद्युत्-गिटारीचा पिकअप पोलादी तारांचे कंपन टिपतो. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरील तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. हे तत्त्व फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविले.

परंतु एकेरी वेटोळे आसपासच्या वीजतारांची गुणगुणही टिपते. यावर अमेरिकेतील गिब्सन कंपनीचे सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तोड काढली. त्यांनी दोन वेटोळी जोडली. त्यांचे वेढे व चुंबकध्रुव परस्परविरुद्ध ठेवले. त्यामुळे गुणगुण मावळते, स्वर मात्र बळावतो. गिब्सनच्या १९५८ च्या ईएस-३३५ या गिटारीत हेच पिकअप बसविलेले होते.

ही गिटार दोन्ही बाजूंस पोकळ व मध्यभागी भरीव असते. ध्वनिवर्धकाच्या आवाजाने पोकळ भाग थरथरतो. ती थरथर पुन्हा ध्वनिवर्धकात गेली की कर्कश शिट्टी उठते. भरीव ठोकळा तिला आवर घालतो. पिकअपचे सैल वेढे मात्र स्वतःच थरथरतात. म्हणून ते मेणाने घट्ट केलेले बरे.

नवा पिकअप घेताना पुष्कळ वेढ्यांचा, जोरकस पिकअप निवडण्याचा मोह होतो. परंतु वेढे वाढले की तार स्वरांची चमक मंदावते व अर्धपोकळ गिटारीचा मोकळा नाद हरपतो. यास्तव मध्यम वेढ्यांचा, दुहेरी वेटोळ्यांचा पिकअपच तिला शोभतो.