दोन केबिनमधलं दार

क्रूझची चौकशी करायला येणारं खानदेशातलं कुटुंब आधी भाडं विचारतं, मग जेवणाचं विचारतं, आणि कोण कोणत्या खोलीत झोपणार हा विषय अगदी शेवटी, पैसे भरायच्या वेळी निघतो. तो सगळ्यात आधी निघायला हवा. भाडं थोडं वरखाली झालं तरी चालतं, शाकाहारी जेवणाची सोय आता मुंबई-सिंगापूरच्या जहाजांवर असतेच. पण खोल्या चुकीच्या पडल्या तर समुद्रात त्या बदलून मिळणं फार अवघड असतं. सुट्टीच्या दिवसांत जहाज भरलेलं असतं आणि द्यायला रिकामी केबिनच नसते.

माझं टूर्सचं ऑफिस जळगावात नव्या पेठेत आहे आणि माहेर धुळ्याचं. त्यामुळे भुसावळ, यावल, रावेरकडची मंडळी येतात तशी शिरपूर, दोंडाईचा, साक्रीकडचीही येतात. नुसतं जोडपं क्वचित येतं. आई-वडील, दोन भाऊ, दोन जावा, पोरं, कधी एखादी आत्या, असा सगळा गोतावळा निघतो. केळीचे पैसे हातात आलेले असतात, वडिलांची पंचाहत्तरी असते, नाहीतर पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला धाकटा सगळ्यांना घेऊन जायचं म्हणून हट्टाला पेटलेला असतो. यातले बहुतेक जण समुद्रावर पहिल्यांदाच रात्र काढणार असतात. अशा घरासाठी केबिनी निवडणं हे मी माझ्या धंद्यातलं सगळ्यात जोखमीचं काम समजते.

आधी जहाज कसं आहे ते समजून घेऊ. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया क्रूझेसची 'एम्प्रेस' सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. गोवा, लक्षद्वीप अशा तिच्या फेऱ्या असतात. हे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सेंट नझेर इथे 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने बांधलं गेलं, आणि ते मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी आखलेलं होतं. माणसं दिवसभर डेकवर, जेवणघरात, नाटकाच्या सभागृहात असणार आणि केबिनमध्ये फक्त झोपायला येणार, असा त्यामागचा हिशोब. म्हणून आतल्या बाजूची, खिडकी नसलेली केबिन जेमतेम सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास असते. आपल्याकडच्या स्वयंपाकघराएवढ्या त्या जागेत दोन पलंग, एक कपाट, छोटं टेबल आणि संडास-बाथरूम बसवलेलं असतं. भिंतीतून किंवा छतातून खाली उतरणारे आणखी दोन बर्थ असतील, तर ती केबिन चार जणांची म्हणून विकली जाते. चार जण त्यात झोपू शकतात हे खरं आहे. पण चार जणांना एकाच वेळी उभं राहून कपडे बदलता येत नाहीत, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून मोठ्या कुटुंबाला दोन केबिनी लागतात आणि इथेच घोळ सुरू होतो. 'शेजारी-शेजारी' म्हणजे कनेक्टिंग नव्हे. शेजारच्या दोन केबिनींमध्ये अखंड भिंत असते आणि एकीतून दुसरीत जायला बाहेरच्या बोळात यावं लागतं. कनेक्टिंग केबिनींच्या मधल्या भिंतीत दार असतं. धुळ्याला आमच्या जुन्या धाब्याच्या घरात काकांच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये असंच दार होतं. चुली दोन होत्या, पण रात्री कुणाला ताप भरला तर अंगणात उतरावं लागत नसे. जहाजावरचं दार नेमकं हेच काम करतं.

हे दार प्रत्येक केबिनला नसतं. जहाजाच्या नकाशात, ज्याला डेक प्लॅन म्हणतात, अशा जोड्या वेगळ्या खुणेने दाखवलेल्या असतात. कुठे दोन केबिनींच्या मधल्या रेषेवर दोन टोकांचा बाण असतो, कुठे छोटा त्रिकोण. तिसऱ्या-चौथ्या बर्थची खूण आणखी निराळी. गिऱ्हाइकाने हा नकाशा आमच्यासमोर बसून स्वतः बघावा असा माझा आग्रह असतो, कारण 'जवळजवळ देऊ' हे शब्द फोनवर फार सहज बोलले जातात. आपल्याला दोन केबिनींचे आकडे हवेत, आणि त्या दोन आकड्यांच्या मधली ती खूण हवी.

दोन्ही केबिनी एकाच दर्जाच्या असतीलच असं नाही. पुष्कळ जहाजांवर एखादा मोठा सूट आणि त्याच्या शेजारची साधी बाल्कनीची केबिन अशी जोडी असते. आजी-आजोबांना मोठी खोली द्यायची आणि नातवंडांना शेजारची, अशी मांडणी त्यातून छान होते. काही जहाजांवर मधलं दार बसवण्यासाठी सोफ्याची जागा गेलेली असते. ज्या घराने तिसऱ्या मुलाला सोफ्यावर झोपवायचं ठरवलेलं असतं, त्यांना हे आधी कळायला हवं. बाल्कनीच्या केबिनींमध्ये कधीकधी दोन बाल्कन्यांमधला पडदाही उघडता येतो, पण तो कर्मचाऱ्याने उघडायचा. आपण त्याला हात लावायचा नाही.

आता एक गोष्ट, जी ऐकून लोक चकित होतात. केबिनमध्ये चौथा बर्थ दिसत असतो, नकाशात खूण असते, तरी संगणक चौथं नाव घेत नाही. यामागे सुरक्षेचा नियम आहे. जहाजावरच्या प्रत्येक केबिनला संकटाच्या वेळी जमायची एक ठरलेली जागा असते, तिला मस्टर स्टेशन म्हणतात, आणि तिथे जमणाऱ्या माणसांची संख्या जीवरक्षक होड्यांच्या क्षमतेशी बांधलेली असते. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा होड्यांत सगळ्यांना पुरेल एवढी जागाच नव्हती. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याचीच पुढची रूपं आजवर लागू आहेत. जहाजाच्या एका भागात तीन-तीन, चार-चार जणांच्या कुटुंबांनी आधीच नोंदणी केली असेल, तर त्या भागाचा आकडा भरतो आणि रिकामा बर्थ रिकामाच ठेवावा लागतो. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत हे हमखास घडतं, कारण तेव्हा प्रत्येक केबिनमध्ये पोरं असतात. म्हणून मोठ्या गोतावळ्याने सहा-आठ महिने आधी यावं, असं मी सांगत असते. उशिरा आलेल्या कुटुंबाला दोन टोकांच्या दोन केबिनी देताना मला मनापासून वाईट वाटतं.

नावांचा प्रश्न याहून नाजूक आहे. नोंदणीत प्रत्येक केबिनमध्ये निदान एक सज्ञान माणूस लागतं. कुठे अट अठरा वर्षांची, कुठे एकवीसची. आई-बाप एका केबिनमध्ये आणि तीन लेकरं दुसरीत, असं कागदावर सरळ लिहिता येत नाही. काही कंपन्या कनेक्टिंग केबिन असेल तर सवलत देतात. नसेल तर एका केबिनवर वडिलांचं नाव आणि दुसरीवर आईचं, मुलं वाटून, अशी नोंद करतात आणि रात्री ज्याला जिथे झोपायचं तिथे तो झोपतो. फक्त एक लक्षात ठेवायचं. झोपायची जागा बदलली तरी मस्टर स्टेशन कार्डावर छापलेलंच राहतं. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली तेव्हा ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या कितीतरी प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. २०१५ पासून नियमच झाला की ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच झाली पाहिजे. त्या कवायतीला आजीलाही न्यायचं. 'तिचे गुडघे दुखतात, तिला बसू द्या' असं म्हणायचं नाही. तिला चालता येत नसेल तर कर्मचाऱ्यांना तेव्हाच सांगायचं, म्हणजे गरज पडली तर तिच्यासाठी माणूस येईल.

आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते. एका लेवा पाटील घरात रवींद्र पाटील दोन निघतात, एक थोरले आणि एक चुलत. महाजन, चौधरी, पाटील यांच्या गटात आद्याक्षरं सारखी पडतात आणि सामान भलत्याच केबिनसमोर जाऊन थांबतं. पूर्ण नाव, आधार कार्डावर किंवा पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहायचं, आणि सामानाच्या चिठ्ठीवर केबिनचा आकडा ठळक घालायचा. दोन्ही नोंदण्या एकमेकींना जोडून घ्यायलाही सांगायचं. त्यामुळे जेवणाचं टेबल एकच मिळतं.

स्वस्तात मिळते म्हणून काही जण 'गॅरंटी केबिन' घेतात. त्यात दर्जाची हमी असते, आकड्याची नसते. केबिन कोणती ते कंपनी नंतर ठरवते. एकट्या जोडप्याला हा सौदा चांगला आहे. कुटुंबाने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण दोन गॅरंटी केबिनी एकत्र पडतील असं वचन कुणी देत नाही. याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे फुकटचं अपग्रेड. कंपनी खूश करायला एक केबिन वरच्या डेकवर हलवते आणि जोडी तुटते. म्हणून नोंदणी करतानाच 'अपग्रेड नको' अशी टीप घालून घ्यावी. आमच्या कुटुंबांच्या नोंदणीत ती मी न विचारता घालते.

दार सगळ्यांना हवं असतं का? नाही, आणि हे मी स्पष्ट सांगते. त्या दारातून आवाज भिंतीपेक्षा जास्त येतो. पलीकडे आपलीच माणसं असतील तर पोराचं रडणं ऐकू येणं हाच त्याचा उपयोग. पण नवीन लग्न झालेल्या दिराला आणि जावेला दाराच्या पलीकडे सासू-सासरे ठेवणं बरं नव्हे. त्यांना त्याच बोळात चार केबिनी सोडून खोली द्यावी. आणि दुसऱ्या केबिनची नोंदणी मागाहून रद्द झाली तर तिथे अनोळखी माणसं येतात. दार दोन्हीकडून बंद असतं, पण त्यांचा टीव्ही रात्रभर ऐकू येतो. तेव्हा एक केबिन रद्द होत असेल तर उरलेली बदलून मागावी.

दाराची खरी गरज म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना असते. शिंदखेड्याकडच्या एका आजी ऑफिसात आल्या होत्या, सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "माले येकलीले भ्याव लागस." तोवर सगळा हिशोब त्यांना एका टोकाच्या केबिनमध्ये ठेवून चालला होता, कारण ती स्वस्त पडत होती. मग आम्ही आजी आणि मोठी नात एका केबिनमध्ये, मधल्या दारापलीकडे मुलगा-सून आणि धाकटा, असं बसवलं. पैसे थोडे वाढले. पण त्या सुनेचा विचार करा. दार नसतं तर रात्री तीनदा उठून, ओढणी घेऊन, बोळातून सासूकडे जाणारी तीच होती. सफर सुनेचीही असते, आणि तिची झोप कुठल्याच भाडेपत्रकात लिहिलेली नसते.

दुसरा फायदा दोन बाथरूमचा. सकाळी किनाऱ्यावर उतरायची घाई असते तेव्हा सहा माणसांना दोन बाथरूम म्हणजे मोठीच सोय. जहाजाच्या बाथरूमला बऱ्याचदा चांगला उंच उंबरठा असतो. रात्री अर्धवट झोपेत उठणाऱ्या माणसाला तो लागतो. म्हाताऱ्यांच्या बाजूचा बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवून दार किलकिलं ठेवायला मी सांगते. केबिन निवडताना जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या डेकवरची जोडी बघावी, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात, आणि ती लिफ्टपासून फार लांब नसावी. वर पोहण्याचा तलाव किंवा नाचघर असेल ती जागा टाळावी.

निघताना जळगावहून आदल्या दिवशीची गाडी पकडावी. बॅलार्ड पियरचं क्रूझ टर्मिनल सीएसएमटीपासून टॅक्सीने थोड्याच अंतरावर आहे, पण भुसावळकडून येणाऱ्या गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. धुळ्याची मंडळी आग्रा रोडने गाडी घेऊन निघतात. त्यांनी कसारा घाटातल्या वाहतुकीचा वेळ धरावा. सोबत बिबडे, शेव घ्यायचे तर चालतात का ते कंपनीला आधी विचारावं, आणि ते बंद पाकिटात असावेत. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, शेगडी मात्र घरी ठेवावी. आगीच्या भीतीने त्या काढून घेतात.

केबिनमध्ये पोचल्यावर मधलं दार बहुधा कुलूपबंदच असतं. ते उघडून द्यायला केबिनच्या कर्मचाऱ्याला सांगावं आणि तो समोर असतानाच दोन्ही बाजूंनी उघड-बंद करून बघावं. दार जड असतं आणि हेलकाव्याने आपटतं, म्हणून लहान मुलांची बोटं जपावीत आणि ते उघडं अडकवून ठेवायची सोय आहे का ते विचारावं. शेवटच्या रात्री सामानाला रंगीत चिठ्ठ्या लावतात आणि त्या रंगाप्रमाणे माणसं खाली उतरवतात. दोन्ही केबिनींना एकच रंग मागून घ्यावा, म्हणजे सगळे एकत्र उतरतात आणि परतीच्या गाडीसाठी कुणालाही धक्क्यावर थांबून राहावं लागत नाही.