एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पुनरावर्ती गळती
जुन्या मालमोटारीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती गॅस्केट बदलूनही पुनःपुन्हा उद्भवते, तेव्हा तिचे मूळ बहुधा गॅस्केटमध्ये नसून धातूंच्या विषम प्रसरणात असते. अर्धा मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंश सेल्सिअसने तापला असता सुमारे २.५ ते ३ मिलिमीटर वाढतो. पाण्याने थंड राखलेले सिलिंडर हेड त्या मानाने अल्पच वाढते. या ओढाताणीत टोकांकडील स्टड तुटतात व मॅनिफोल्डची बैठक वाकते. म्हणून तुटके स्टड काढून, बैठकीवर सरळपट्टी धरून वाक तपासावा, ती यंत्रावर सपाट करून घ्यावी आणि नवे स्टड व गॅस्केट बसवून नट मध्यापासून टोकांकडे टप्प्याटप्प्याने आवळावेत. या गळतीची उपेक्षा इष्ट नव्हे. धुरातील गंधहीन कार्बन मोनॉक्साइड वायू केबिनमध्ये शिरल्यास चालकाच्या प्राणांवर बेतू शकते.