ॲड्रिनल काढल्यानंतर त्वचा काळवंडली, तर उन्हाला दोष देऊ नका

मागच्या भीमजयंतीला क्रांती चौकात मिरवणुकीची वाट पाहत आम्ही उड्डाणपुलाच्या सावलीत थांबलो होतो. तिथे ओळखीच्या एक ताई भेटल्या. पांढरी साडी, हातात पाण्याची बाटली आणि चेहरा वर्षापूर्वीपेक्षा बराच काळवंडलेला. सोबतची जाऊ हसून म्हणाली, "उन्हात हिंडते ना, म्हणून." ताईंनी गोरेपणाची क्रीम लावून पाहिली होती, फरक पडला नव्हता. आम्ही त्यांना तळहात दाखवायला सांगितले. तळहाताच्या रेषा आणि बोटांचे सांधे काळे पडले होते, हिरड्यांवरही डाग आले होते. आपल्यापैकी अनेकांच्या हिरड्या मुळातच सावळ्या असतात, पण हे डाग नवे होते. उन्हाने हिरड्या काळ्या होत नाहीत.

ताईंच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी चार वर्षांपूर्वी काढल्या होत्या, हे आम्हाला माहीत होते. म्हणून त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, असे त्यांना बजावले. असे का, ते या वेळी समजून घेऊ.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एसीटीएच नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. त्या हुकमावर मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात. कॉर्टिसोलशिवाय माणूस जगत नाही. रक्तात ते पुरेसे झाले की पिट्युटरीला तसा निरोप जातो आणि ती हात आखडता घेते. घरातली टाकी भरली की पंप बंद करावा, तसेच हे.

काहींच्या पिट्युटरीत बारीकशी गाठ होते आणि ती हा निरोप फारसा जुमानत नाही. एसीटीएच वाढते, कॉर्टिसोल वाढते. चेहरा गोल होतो, पोट सुटते पण हातपाय बारीक होतात, पोटावर जांभळे रुंद चट्टे उठतात, रक्तदाब आणि साखर चढते, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर राहत नाही. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार जास्त. अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला कुशिंगचा आजार म्हणतात. आपल्याकडे अशा बाईला "खाऊन सुटली" म्हणतात, नाहीतर बाहेरची बाधा ठरवतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही उतारा निघतो, हे आम्ही पाहिले आहे.

आज पहिला इलाज म्हणजे नाकावाटे जाऊन ती गाठ काढणे. गाठ पुरती निघाली नाही किंवा परत आली, तर पुन्हा शस्त्रक्रिया, औषधे किंवा किरणोपचार. तेवढ्यानेही भागले नाही आणि कॉर्टिसोल जिवावर उठले, तर दोन्ही ॲड्रिनल काढून टाकतात. १९५० च्या सुमारास कॉर्टिसोनचे औषध हाताशी आले, म्हणूनच या शस्त्रक्रियेनंतर माणसे जगू लागली. कॉर्टिसोलचा त्रास त्या दिवसापासून संपतो. पण गाठ जिथे होती तिथेच असते, हे घरचे विसरतात. कधीकधी रुग्णही विसरतो.

आधी जास्तीच्या कॉर्टिसोलचा त्या गाठीवर थोडा का होईना दाब होता. ॲड्रिनल गेल्या आणि तो दाबही गेला. गोळ्यांतून मिळणारे कॉर्टिसोल गरजेपुरतेच असते, त्याने ती गाठ आवरतेच असे नाही. काहींच्या गाठीला मग मोकळे रान मिळते, ती वाढते आणि एसीटीएच बेसुमार सोडते. १९५८ साली बॉस्टनच्या डॉ. डॉन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका ३३ वर्षांच्या बाईची हकीकत छापली. तिच्या ॲड्रिनल तीन वर्षांपूर्वी काढल्या होत्या. तेव्हापासून या गुंतागुंतीला नेल्सन सिंड्रोम म्हणतात. ती सगळ्यांना होत नाही. वेगवेगळ्या पाहण्यांचा मेळ घातला तर साधारण चार-पाच जणांत एकाला होते, बहुतेकदा पहिल्या काही वर्षांत, पण उशिराही होऊ शकते.

मग कातडी का काळवंडते? एसीटीएच फार वाढले की ते त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशींनाही चेतवते. गोऱ्या माणसाच्या अंगावर हे लगेच दिसते. आपल्या सावळ्या-काळ्या त्वचेवर ते शोधावे लागते. तळहाताच्या रेषा, बोटांचे सांधे, कोपर, नखे, हिरड्या आणि शस्त्रक्रियेचे जुने व्रण बघा. रंगावरून टोमणे खात वाढलेली माणसे हा बदल लपवू पाहतात, आणि नेमकी खूण हातची जाते. गोळ्यांचा डोस कमी पडत असला तरीही काळेपणा येतो. दोन्हींतले कारण कोणते, ते रक्ततपासणी आणि एमआरआयवरून डॉक्टरच ठरवतील.

गाठ मोठी झाली की शेजारच्या दृष्टीच्या नसांवर दाब येतो. समोरचे दिसते, पण दोन्ही बाजूंचे दिसेनासे होते. रस्ता ओलांडताना बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. डोके सतत दुखते, एकाचे दोन दिसतात, पापणी खाली येते. एकाएकी असह्य डोकेदुखी होऊन दृष्टी गेली, तर गाठीत रक्तस्राव झाला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रातोरात घाटी किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.

म्हणून ॲड्रिनल काढल्यावर काही महिन्यांत एमआरआय, मग पहिली काही वर्षे दरवर्षी, नंतर दोन ते चार वर्षांनी, आणि सोबत एसीटीएचची तपासणी, असा क्रम तज्ज्ञ सुचवतात. गाठ वाढताना आढळली तर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करतात. ती लहान असताना हे सोपे जाते. खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

गोळ्यांचे मात्र वेगळे सांगावे लागेल. हायड्रोकॉर्टिसोन किंवा डॉक्टरांनी दिलेले तसेच औषध, आणि मीठ-पाण्याचा तोल राखणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी, ही जन्मभराची. "स्टिरॉइड वाईट" असे शेजाऱ्याने सांगितले म्हणून बंद केली तर जीव जातो. उपोसथाला अष्टशील पाळून दुपारनंतर जेवण वर्ज्य केले, तरी गोळी चुकवायची नाही. गोळी म्हणजे भोजन नव्हे. ताप आला तर डोस किती वाढवायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. उलट्या-जुलाबांनी गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन लागते, तेही तातडीने.

ताईंच्या रक्तात एसीटीएच खूप वाढलेले निघाले. एमआरआयमध्ये गाठ थोडी मोठी दिसली, पण नजर अजून शाबूत आहे. त्यांच्या पिशवीत आता एक कार्ड असते: "माझ्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी काढल्या आहेत. बेशुद्ध आढळल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन लगेच द्यावे." खाली जावेचा फोन नंबर आहे. तो जावेनेच लिहिला.