पावणेतीन शिलिंगांची काटकसर

1931 च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधल्या बेकार कामगाराला आठवड्याला 17 शिलिंग भत्ता मिळत असे. बायकोसाठी 9 शिलिंग आणि प्रत्येक मुलामागे 2 शिलिंग वेगळे. नवरा-बायको आणि दोन मुले अशा घरात आठवड्याला 30 शिलिंग, म्हणजे दीड पौंड येत. ऑक्टोबरमध्ये पुरुषाचे 17 चे सव्वापंधरा झाले, बायकोचे 9 चे 8 झाले, मुलांचे होते तेवढेच राहिले. घरात आता सव्वासत्तावीस शिलिंग येऊ लागले. या पावणेतीन शिलिंगांच्या काटकसरीवरून सरकार पडले, सत्ताधारी मजूर पक्ष दुभंगला आणि दोन महिन्यांत निवडणूक झाली. कपातीतून तिजोरीचे वर्षाला वाचणार होते सुमारे सव्वा कोटी पौंड. एवढ्याने तूट भरून निघणार नव्हती आणि पौंडही सावरणार नव्हता. तरी देशाच्या शहाणपणाची कसोटी म्हणून हीच रक्कम पुढे केली गेली. असे का झाले हे आजही समजून घ्यायला हवे, कारण निवडणूक जवळ आली आणि सरकारी हिशेबात तूट दिसली की बोट आधी बेकाराकडेच जाते.

हा भत्ता म्हणजे मुळात विम्याची भरपाई होती. 1911 च्या कायद्याने जहाजबांधणी, बांधकाम, यंत्रनिर्मिती अशा मोजक्या धंद्यांतल्या कामगारांसाठी बेकारीचा विमा सुरू झाला. कामगाराच्या कार्डावर दर आठवड्याला तिकीट चिकटवले जाई. त्याचे पैसे कामगार आणि मालक भरत आणि सरकार आपली भर घाली. 1920 मध्ये शेतमजूर आणि घरगडी सोडून बहुतेक सगळ्या श्रमिकांना हा विमा लागू झाला. धंद्यातली नेहमीची चढउतार गृहीत धरून त्याचा हिशेब मांडला होता. पुढे 1929 च्या मध्यात साधारण साडेअकरा लाख असलेले बेकार 1930 संपता संपता पंचवीस लाखांवर गेले. अशा वेळी विमानिधीला दोन्ही बाजूंनी मार बसतो. कामावर माणसे कमी म्हणून तिकिटे कमी, आणि भत्ता मागणारे जास्त. शिवाय कारखाना बंद पडला की त्याच्या नफ्यावरचा कर बुडतो आणि कामगाराच्या साखरेवरचा करही घटतो. मंदीत तूट वाढते ती लोक बेकार झाले म्हणून. भत्ता हा त्या तुटीचा सगळ्यांना दिसणारा भाग असतो, एवढेच. माझा सगळा मुद्दा याच फरकाचा आहे, कारण तो एकदा नजरेआड झाला की रोगाऐवजी रोग्याचा खर्च कमी करण्यावर भर दिला जातो.

सरकारी खर्चाची छाननी करणाऱ्या सर जॉर्ज मे यांच्या समितीने नेमके हेच केले. आयुष्य विमा व्यवसायात घालवलेल्या या गृहस्थांच्या समितीचा अहवाल 31 जुलै 1931 रोजी प्रसिद्ध झाला. पुढच्या एप्रिलपर्यंत 12 कोटी पौंडांची तूट येईल असे त्यात म्हटले होते. खर्चातून साडेनऊ कोटींहून अधिक कापावेत आणि त्यातले 6 कोटी 65 लाख एकट्या बेकारी विम्यातून यावेत, अशी शिफारस होती. 12 कोटींचा हा आकडा कसा तयार झाला हे पाहण्यासारखे आहे. जुने कर्ज फेडण्यासाठी दरवर्षी बाजूला काढायचे सुमारे 5 कोटी त्यात खर्च म्हणून धरले होते आणि विमानिधीसाठी काढलेले कर्जही त्यातच होते. मांडणी वेगळी असती तर आकडा बराच लहान दिसला असता. समितीतल्या मजूर पक्षाच्या दोन सदस्यांनी भिन्न मत नोंदवले, पण वर्तमानपत्रांत गाजला तो 12 कोटींचा आकडा. मे महिन्यात ऑस्ट्रियातली क्रेडिटआन्स्टाल्ट बँक बुडाली होती, जुलैत जर्मनीच्या बँका बंद पडल्या होत्या. त्यामुळे लंडनमधून पैसा आधीच बाहेर चालला होता, आणि त्यातच हा अहवाल आला. 23 ऑगस्टच्या रविवारी संध्याकाळी मजूर पक्षाचे मंत्री 10 डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत न्यूयॉर्कच्या मॉर्गन बँकेच्या तारेची वाट पाहत थांबले होते. भत्त्यात 10 टक्के कपात केली तर कर्ज मिळेल का, एवढाच प्रश्न होता. मंत्रिमंडळात 11 जण कपातीच्या बाजूने आणि 9 विरोधात निघाले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी राजीनामा दिला आणि हुजूर व उदारमतवादी पक्षांना घेऊन राष्ट्रीय सरकार बनवले. त्यांच्या स्वतःच्या पक्षाने त्यांना बाहेर काढले.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. पौंड सोन्याशी ठरलेल्या भावाने बांधलेला होता. सावकाराचा विश्वास उडाला की सोने देशाबाहेर जाणार, मग सरकारने त्याचे समाधान करायचे नाही तर काय करायचे? ही अडचण खरी होती आणि मॅक्डोनल्ड किंवा अर्थमंत्री फिलिप स्नोडेन यांना दुष्ट ठरवून ती सुटत नाही. ज्या देशाच्या चलनाचा भाव असा जखडलेला आहे, किंवा ज्याचे कर्ज परक्या चलनात आहे, त्याला तुटीची चैन परवडत नाही, हे मान्यच करायला हवे. पण पुढे काय घडले तेही पाहू. 8 कोटींचे कर्ज मिळाले. 10 सप्टेंबरला स्नोडेन यांनी कपातीचा अर्थसंकल्प मांडला. शिक्षकांचे पगार कापले, खलाशांचेही कापले. पाच दिवसांत स्कॉटलंडच्या इन्व्हरगॉर्डन बंदरात नौदलाच्या खलाशांनी जहाजे हलवायला नकार दिला आणि पैशाचा ओघ आणखी वेगाने बाहेर वळला. 21 सप्टेंबरला ब्रिटनने सुवर्णमान सोडला. ज्या पौंडासाठी बेकाराच्या भत्त्याला कात्री लावायचे ठरले, तो कपात प्रत्यक्ष लागू होण्याआधीच सुटला होता. आणि आकाश कोसळले नाही. पौंड स्वस्त झाला, 1932 च्या जूनपर्यंत बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर 6 वरून 2 टक्क्यांवर आला, त्यानंतर घरबांधणीने जोर धरला. ब्रिटन सावरले ते काटकसरीमुळे, असे सांगणारे आजही भेटतात. पण क्रम पाहिला तर सावरण्याची वाट सोन्याची बेडी तुटल्यावर मोकळी झाली. कपातीनंतर बेकारी वाढतच राहिली आणि 1933 च्या जानेवारीत तीस लाखांच्या जवळ पोचली.

त्या बेडीचे दुसरे टोक आपल्याकडे होते. रुपया 1 शिलिंग 6 पेन्स या दराने पौंडाशी बांधून ठेवला गेला, त्यामुळे रुपयात सोन्याचा भाव चढला. मंदीने शेतमालाचे भाव आधीच पडलेले, डोक्यावर सावकाराचे कर्ज आणि सरकारचा सारा. शेतकऱ्यांच्या घरातले दागिने मोडीत निघाले आणि ते सोने मुंबई बंदरातून लंडनला जाऊ लागले. गांधीजी आणि डॉ. आंबेडकर तेव्हा दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्येच होते. सप्टेंबरच्या अखेरीस गांधीजी लँकेशायरमधल्या बेकार गिरणी कामगारांना भेटले. तुमच्या भत्त्याच्या मानाने आमच्या माणसाची महिन्याची मिळकत किती तुटपुंजी आहे, हे त्यांनी त्यांना आकड्यांत सांगितले. भारतातल्या बेकाराची कुठे नोंदच नव्हती, मग त्याच्यामुळे कोणत्या अर्थसंकल्पात तूट दिसणार? त्याने ती तूट बायकोच्या गळ्यातले विकून भरली.

27 ऑक्टोबरच्या मतदानाआधीचा प्रचार हा या कथेतला सर्वांत बोलका भाग आहे. मॅक्डोनल्ड सभांमध्ये जर्मनीच्या महागाईच्या काळातल्या लाखो मार्कांच्या नोटा दाखवत. तूट आवरली नाही तर पौंडाचेही असेच होईल, हा त्यातला इशारा. त्याहून परिणामकारक ठरली पोस्टाच्या बचत बँकेची भीती. गरिबांनी पोस्टात ठेवलेला पैसा बेकारी विमानिधीला कर्जाऊ दिला गेला आहे आणि मजूर पक्ष आला तर तो धोक्यात येईल, असे उदारमतवादी नेते वॉल्टर रन्सिमन यांनी सांगितले आणि स्नोडेन यांनी त्याला दुजोरा दिला. वास्तविक पोस्टातल्या प्रत्येक ठेवीला सरकारची हमी होती. पण पै-पैसा जोडणाऱ्या बाईला शेजारच्या बेकाराची भीती घालणारे हे हत्यार होते, आणि ते लागू पडले. राष्ट्रीय सरकारला 554 जागा मिळाल्या, मजूर पक्षाला 52.

हा प्रचार पटला, कारण तो घरच्या अनुभवाशी जुळत होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे घराच्या बाबतीत शंभर टक्के खरे आहे. घराने खर्च कमी केला म्हणून घरात येणारा पगार कमी होत नाही. देशाचे तसे नाही. तिथे एकाचा खर्च हीच दुसऱ्याची कमाई असते. ते पावणेतीन शिलिंग बेकाराने शिल्लक टाकलेले नव्हते. ते पावाच्या, कोळशाच्या, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जात होते. ते थांबले की दुकानदाराची विक्री घटते, मग त्याच्याकडच्या पोऱ्याची नोकरी जाते आणि तोही रोजगार कचेरीच्या रांगेत येऊन उभा राहतो. त्याच वर्षी जूनमध्ये केंब्रिजच्या रिचर्ड कान यांनी एका निबंधात हा साखळी परिणाम गणिताने मांडला होता, आणि त्यांचे गुरू केन्स 1929 च्या निवडणुकीपासून सार्वजनिक कामांवर कर्ज काढून खर्च करा असे सांगत होते. देशही अंथरुणापलीकडे पाय पसरू शकत नाही, हे खरेच. पण देशाचे अंथरूण म्हणजे त्याचे कारखाने आणि कामाला तयार असलेले हात. पंचवीस लाख लोक रिकामे बसलेले असताना ते पुरत नाही असे कसे म्हणता येईल?

दुसरा आक्षेप भत्त्याने माणूस आळशी होतो हा. तो केवळ सभेतला नाही. 1979 मध्ये डॅनियल बेंजामिन आणि लेव्हिस कोचिन या अर्थतज्ज्ञांनी दोन महायुद्धांच्या मधल्या ब्रिटिश बेकारीचा बराच दोष उदार भत्त्याला दिला आणि त्यावर मोठा वाद झाला. भत्त्यामुळे काही जण काम निवडायला थोडा जास्त वेळ घेतात, हे नाकारायचे कारण नाही. पण भत्त्याचे दर सगळ्या ब्रिटनमध्ये एकच होते. तरी 1932 मध्ये वेल्समध्ये विमाधारक कामगारांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बेकार होते आणि लंडनमध्ये साधारण सातातला एक. वेल्सचा खाणकामगार लंडनच्या कामगाराहून अडीचपट आळशी होता असे कोणी म्हणणार नाही. तिथे कोळशाला गिऱ्हाईक नव्हते. अमेरिकेत 2010 च्या निवडणुकीआधी हाच वाद पुन्हा झाला. एका रिकाम्या जागेमागे जवळपास पाच बेकार होते, तरी भत्त्याची मुदत वाढवली तर लोक काम शोधणार नाहीत असे सांगितले गेले. 34 अब्ज डॉलरची मुदतवाढ तुटीच्या नावाखाली सिनेटमध्ये काही आठवडे अडून राहिली आणि पंचवीस लाखांच्या आसपास लोकांचा भत्ता बंद पडला. करकपातीसाठी मात्र दुसरीकडून पैसा उभा करायची गरज नाही, असे सिनेटर जॉन काइल यांनी त्याच जुलैत म्हटले. निवडणूक झाल्यावर डिसेंबरमध्ये श्रीमंतांसह सगळ्यांच्या करसवलती आणि बेकारभत्ता यांना एकत्र मुदतवाढ मिळाली. त्या सगळ्याचा खर्च 858 अब्ज डॉलर होता. तूट दोन्ही बाजूंना तूटच असते. ती फक्त भत्त्याच्या वेळी आठवावी, यात अर्थशास्त्र नाही, माणसामाणसांत केलेला भेद आहे.

राहिला पुढच्या पिढीवरच्या कर्जाचा प्रश्न. ब्रिटनच्या तिजोरीवरचे खरे ओझे पहिल्या महायुद्धाच्या कर्जाचे व्याज हे होते. 1932 मध्ये सरकारने जवळजवळ 2 अब्ज पौंडांच्या युद्धकर्जावरचे व्याज 5 टक्क्यांवरून साडेतीनवर आणले. म्हणजे वर्षाला सुमारे 3 कोटी पौंड कमी झाले, भत्त्याच्या कपातीतून वाचणार होते त्याच्या दुपटीहून जास्त. सुवर्णमान सोडल्यावर व्याजदर उतरले, म्हणून हे जमले.

कपात 1934 च्या जुलैत मागे घेतली गेली आणि बेकाराला पुन्हा 17 शिलिंग मिळू लागले. पण निवडणुकीनंतर दोनच आठवड्यांनी, नोव्हेंबर 1931 मध्ये, आलेली घरझडती तशीच राहिली. 26 आठवडे भत्ता घेऊन झालेल्या माणसाच्या घरी स्थानिक समितीचा अधिकारी येई, कपाटे-खुर्च्या पाही, बचत विचारी आणि मुलाला किंवा मुलीला किती पगार मिळतो ते लिहून घेई. त्या हिशेबाने बापाचा भत्ता कमी होई. बापाचा भत्ता शाबूत राहावा म्हणून कित्येक कमावती मुले घर सोडून दुसरीकडे खोली घेऊन राहू लागली.